रुजू

ता. ४ फेब्रुवारी
पहिला थांबा, बंदराजवळची खोली

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. बेचाळीस वर्षांच्या बाईला बारकी लिहिताना हात जरा अडखळतो, पण तुझं दुसरं काही नाव आहे हे मला आठवावं लागतं.

परवा कामावरून कायमचा सुटलो. एकोणीस वर्षं लोकांच्या इमारतींत लिफ्ट बसवल्या. निरोपाचा चहा ज्या इमारतीत दिला तिथली लिफ्ट नेमकी बंद. जिन्याने चढलो. सगळे हसले, मीही.

तुझ्या नेमणुकीचं कळलं. वीस मार्चला तुला रुजू व्हायचंय, मी दहा मार्चला घरी पोचतो. मधल्या दहा दिवसांत तू मला सगळं शिकव. बाबांची औषधं, त्यांच्या वेळा, ते कशावर चिडतात. मग तू मोकळी. डोळे गेल्यापासून चौदा वर्षं त्यांचं तू एकटीने केलंस, आता माझी पाळी. हे लिहूनच देतो, म्हणजे पुढेमागे माझ्या तोंडावर फेकता येईल.

विमानाने एका दिवसात आला असतास, असं तू म्हणणारच. पण एकोणीस वर्षं मी नुसता वरखाली करतोय. एकदा आडवा प्रवास करू दे. चार थांबे घेणार आहे, प्रत्येक दोन दिवसांचा. यादी सोबत आहे, बाबांना वाचून दाखव. पत्रं पुढच्या थांब्याच्या पोस्टात माझ्या नावाने पाठव, ते राखून ठेवतात. इथली माणसं लिफ्टमध्ये शिरली की दाराकडे तोंड करून उभी राहतात आणि श्वाससुद्धा चोरून घेतात. पुढच्या देशात म्हणे अनोळखी माणूसही उतरताना निरोप घेतो. बघून कळवतो.

बाबांना सा. नमस्कार. लोभ सोबत पाठवतोय, दहा मार्चपर्यंत पुरवून वापर.

तुझा,
दादा


ता. १५ फेब्रुवारी
घर

ती. दादास,

शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र बाबांना दोनदा वाचून दाखवलं, यादी तीनदा. एकतीस वर्षं रेल्वेच्या वेळापत्रक कचेरीत काढलेला माणूस, डोळे गेले तरी बोटांवर गाड्या चालवतो. तुझे थांबे त्यांना पाठ झालेत. रोज सकाळी तोंड धुऊन झालं की आज तू कुठे असशील ते मला सांगतात. दोन दिवसांचा थांबा मात्र त्यांना पसंत नाही. म्हणाले की थांबा तीन मिनिटांचा असतो, त्याहून जास्त उभी राहिली तर गाडी बिघडली समजावी.

मी काय करणार ते आधीच सांगते, म्हणजे चारचौघांत विचारणार नाहीस. परगावच्या बीजतपासणी प्रयोगशाळेत ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, उबेत ठेवायच्या आणि सातव्या दिवशी किती रुजल्या ते मोजून लिहायचं. एवढंच. मुलाखतीच्या दिवशी मी ती खोली पाहिली. लांब टेबल, वर सारखा उजेड, आणि कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. चौदा वर्षांत मी सलग तासभर हाक न ऐकता बसलेली नाही. बाबांनी विचारलं की हे काय रुजायचं वय आहे का. विनोद होता. मी हसले.

दोन महिन्यांनी वयाची अट ओलांडते. म्हणजे ही नेमणूक पहिली आणि शेवटची. वीस मार्च ही तारीख म्हणून मी इतकी घोकतेय.

तू येण्याआधी एक लक्षात ठेव. पाण्याचा पेला बाबांच्या हातात द्यायचा नाही. टेबलावर आवाज करून ठेवायचा, ते शोधून घेतात. हातात दिला की मला आंधळा समजता का म्हणून घर डोक्यावर घेतात.

कळावे. लोभाची काळजी नाही, तारखेची आहे.

तुझी,
बारकी


ता. २७ फेब्रुवारी
दुसरा थांबा, हॉटेलचा चौथा मजला

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. पेल्याचं लक्षात ठेवलंय.

जरा घोटाळा झाला. या हॉटेलात ऐंशी वर्षांपूर्वीची लिफ्ट आहे. जाळीचं पितळी दार, आत बसायला लाकडी बाक. दोन वर्षं बंद. नुसतं बघायला म्हणून वरच्या यंत्राच्या खोलीत चढलो, मग हात लावला, मग सोडवेना. तेवढ्यात बोट गेली. पुढची नऊ दिवसांनी आहे.

पण काल ती चालू झाली. पाचव्या मजल्यावर एक म्हाताऱ्या शिक्षिका राहतात. गुडघ्यांमुळे दोन वर्षांत त्यांनी रस्ता पाहिला नव्हता. बाकावर बसून खाली आल्या आणि लिफ्टमधल्या प्रत्येकाचा वेगवेगळा निरोप घेतला. मला तर दोनदा हात हलवला. इथे खरंच सगळे निरोप घेतात. मला उगाच भरून आलं. वाटलं, इतक्या वर्षांत आज कुणाच्या तरी उपयोगी पडलो.

आठ-दहा दिवसांनी काही बिघडणार नाही ना? तू सांभाळून घेशीलच. बाबांना सा. नमस्कार. लोभ आहे तसाच, फक्त बोट चुकली.

तुझा,
दादा


ता. १० मार्च
घर

ती. दादास,

शि. सा. नमस्कार वि. वि.

आज दहा मार्च. तू आज येणार नाहीस हे कळलंय, तरी बाबा सकाळपासून स्वच्छ सदरा घालून दाराकडे कान लावून बसले होते.

पाचव्या मजल्यावरच्या बाईंना खाली आणलंस, छान केलंस. मी तळमजल्यावर आहे.

कुणाच्या मोडक्या लिफ्टसाठी तू बोट चुकवलीस हे ऐकलं असतं तर बाबा जेवले नसते. म्हणून तुझं पत्र हातात धरलं आणि मनाचं वाचलं. पूल वाहून गेल्यामुळे तुझी गाडी डोंगरातल्या एका गावाकडे वळवली, असं वाचलं. वळवलेली गाडी त्यांना चालते, थांबलेली चालत नाही. मग ते गाव कसं आहे ते विचारू लागले. तेही वाचावं लागलं. त्या गावात रस्तेच नाहीत, सगळे जिने. पत्ते पायरीच्या आकड्याने. चढणारी माणसं बोलत नाहीत, बोलायचं ते उतरताना. दोनशे बाराव्या पायरीवर एक बाई दिवसभर एकच खिडकी पुसत असते. बाबांनी विचारलं की लिफ्टवाल्याचं तिथे काय काम. मी वाचलं की म्हणूनच मला हे गाव आवडलं. त्यावर ते खूप वेळ हसले. तिसऱ्यांदा वाचून घेतलं आणि म्हणाले की पोराला इतक्या वर्षांनी पत्र लिहिता यायला लागलं.

प्रयोगशाळेत जाऊन मुदत मागून आले. तिथले साहेब सभ्य आहेत. पाच एप्रिलपर्यंत थांबतील, त्यानंतर यादीतल्या पुढच्या बाईंना बोलावतील. पुन्हा मुदत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा माफी मागितली.

लोभ वाढवू नकोस. नुसता ये.

तुझी,
बारकी


ता. २३ मार्च
तिसरा थांबा, स्टेशनसमोर

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र इथल्या पोस्टात मिळालं. जिन्यांचं गाव फक्कड जमलंय. ते मला सुचायला हवं होतं.

मला इथे येऊन अकरा दिवस झाले. बोट चुकली नाही, कुठली लिफ्टही बिघडली नाही. गाडी रोज सकाळी समोरून सुटते आणि मी खिडकीतून पाहतो. इथल्या लिफ्टमध्ये लोक एकमेकांकडे तोंड करून उभे राहतात, एवढी एकच गोष्ट अकरा दिवसांत नवी दिसली.

तुझ्यापाशी खोटं बोलत नाही. थांब्यावर कुणी काही मागत नाही. सकाळी जाग येते तेव्हा मी कुणाचा मुलगा नसतो, भाऊ नसतो. घर जवळ येतंय तशी चाल मंदावतेय. तुला जमतं ते मला जमणार नाही, याची भीती वाटते. तू पेला ठेवशील, माझ्या हातून सांडेल.

पण निघतो. नक्की. आणि दोन-चार दिवस इकडेतिकडे झाले तर कचेरी काही पळून जात नाही. चांगल्या माणसासाठी थांबतात. रागावू नकोस, लोभ जपून ठेव, येऊन मागून घेईन.

तुझा,
दादा


ता. ६ एप्रिल
घर

ती. दादास,

नमस्कार वि. वि.

काल पाच एप्रिल होती. बाबा बरे आहेत. तू जिन्यांच्या गावातून उतरलास, असं त्यांना वाचून दाखवलंय.

कचेरी थांबते असं तू लिहितोस. थांबण्यातलं तुला जास्त कळतं.

बारकी


ता. १८ एप्रिल
घर, जेवणाच्या टेबलावर

ती. दादास,

नमस्कार.

तुझी तार पोचली. तुझी गाडी चारला लागते, माझी सव्वाअकराला सुटते. मधला वेळ शेजारच्या शिवणकामवाल्या काकू बाबांपाशी बसतील. त्यांना कपड्यांचं कापड ओळखायला सांगू नकोस, मग थांबत नाहीत.

औषधांच्या बाटल्यांना दोरे बांधलेत. एक गाठ सकाळची, दोन गाठी दुपारच्या. बाबांना गाठी कळतात, तूही शीक. गॅसचं डावं बटण उलटं फिरतं. न्हाणीत त्यांना एकटं जाऊ दे, पण दाराबाहेर उभा राहा आणि उभा आहेस हे कळू देऊ नकोस. यातलं तीनदा चुकशील, चौथ्यांदा जमेल. मलाही तसंच जमलं.

जिन्यांच्या गावाबद्दल विचारतील. दोनशे बारावी पायरी. खिडकी. विसरू नकोस.

मी रुजू व्हायला जातेय, असं बाबांना सांगितलंय. तुलाही तेच सांगते. पत्र जंक्शनच्या पोस्टात माझ्या नावाने पाठव.

किल्ली काकूंकडे आहे. घरात दोनच खुर्च्या आहेत, आता तुझी कोणती ते शोधावं लागणार नाही.

बारकी


ता. २ मे
घर

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद.

आलो तेव्हा बाबांनी माझ्या बुटांचा आवाज ऐकला आणि एकोणचाळीस दिवस उशीर, एवढंच म्हणाले. मी वाकलो तर डोक्यावर हात ठेवला, पण लगेच काढून घेतला. पहिल्याच दिवशी पेला हातात दिला. पुढचं तुला ठाऊक आहे.

तुझ्या गावाने माझा जीव घेतलाय. रोज विचारतात. ती बाई खिडकी आतून पुसते की बाहेरून? मी बाहेरून म्हणालो. पत्रात आतून होतं म्हणे. काल काकूंना सांगत होते की हा लिहितो बरा, भेटला की काही नाही. मी तिथेच बसलो होतो. एकोणीस वर्षांनी घरी आलो आणि माझ्यापेक्षा माझी न लिहिलेली पत्रं बाबांच्या जास्त ओळखीची आहेत.

आज प्रयोगशाळेचं पाकीट आलं. तुझ्या नावाचं होतं, तरी उघडलं. सहा एप्रिलला यादीतल्या पुढच्या बाईंना बोलावलं आणि त्या रुजू झाल्या, असं लिहून तुझी प्रमाणपत्रं परत पाठवलीत. मग तू कुठे रुजू झालीस? तीन दिवसांत मला एकही घास गिळता आलेला नाही, असं लिहिणार होतो, पण पाकीट आजच आलंय आणि मी जेवलोय. तुझ्यापाशी खोटं बोलत नाही.

माझी चूक आहे. पण नेमणूक गेलीच असेल तर तिथे एकटी राहून काय करतेस? परत ये. घर तुझंच आहे. दुसऱ्या थांब्यावरच्या हॉटेलवाल्याचंही पत्र आलंय. त्याच्या ओळखीत तशाच आणखी तीन जुन्या लिफ्ट आहेत. तू आलीस तर त्याला काही कळवता येईल. घाई नाही.

बाबा तुझ्या पत्राची वाट पाहतात. लोभ उरला असेल तर लवकर लिही.

तुझा,
दादा


ता. १३ मे
थांबा

ती. दादास,

नमस्कार.

पाकीट उघडलंस ते बरं झालं, मला सांगावं लागलं नाही. पाच तारखेनंतर काय होणार ते साहेबांनी आधीच सांगितलं होतं. घरातून निघाले ती रुजू व्हायला नाही, निघायला निघाले. जाताना बाबांनी माझी गाडी कुठे कुठे थांबते ते विचारलं. मी सगळी स्टेशनं ओळीने सांगितली, उतरणार होते ते एक सोडून. त्यांनी ते ओळखलं असणार. एकतीस वर्षं त्यांनी तेच केलंय.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. इमारतीत लिफ्ट आहे आणि ती बंद आहे. दारावरची पाटी पिवळी पडलीय. तुला येऊन बघावंसं वाटेल, म्हणून पत्ता देत नाही, पत्र पोस्टातच पाठव. बासष्ट पायऱ्या आहेत. इथली माणसं चढतानाही बोलतात, उतरतानाही. कुणी थांबत नाही. दुपारी एका बाईंच्या रोपवाटिकेत कुंड्यांवर चिठ्ठ्या लावते. नेमणूक नाही, बाई सांगतील तोवर.

थांब्यावर कुणी काही मागत नाही, असं लिहिलं होतंस. खरं आहे. सकाळी हाक येत नाही. तरी पहिले आठ दिवस मी रिकाम्या खोलीत पेला टेबलावर आवाज करून ठेवत होते.

परत येणार नाही. किती दिवस, ते लिहीत नाही. तुझ्या यादीवर दोन दिवस लिहिलं होतं. हॉटेलवाल्याला काय कळवायचं ते तू ठरव, बाबांना विचारून.

ती बाई खिडकी आतून पुसते. बाहेरून पुसायला तिला बाहेर पडावं लागेल.

हे पत्र बाबांना वाचू नकोस. पत्र हातात धर आणि मी रुजू झाले असं वाच. लांब टेबल, वर सारखा उजेड. ओल्या कागदावर शंभर बिया मांडल्या, सातव्या दिवशी मोजल्या, ब्याण्णव रुजल्या. बाबा लगेच विचारतील की उरलेल्या आठांचं काय झालं. ते मी लिहून देत नाही. तेवढं तू मनाचं वाच.

लोभ मागत नाही.

बारकी