जोडीने पाहायची नाटकं

४ नोव्हेंबर, मंगळवार
ठरलं. लग्नाचा विसावा वाढदिवस मोठ्या शहरात. साडू दरवर्षी बायकोला तिकडे नेतो आणि उंच इमारतीपुढे उभं राहून फोटो पाठवतो. गाढवाला गुळाची चव काय. आपण ऑफबीट करणार. छोटी नाटकं, वेगळी हॉटेलं, सगळं खास जोडप्यांसाठी. रविवारच्या पुरवणीतला लेख दोनदा वाचलाय, म्हणजे या विषयात आता आपल्याला कोणी शिकवायला नको.

बायकोला सांगितलं. म्हणाली, बरं झालं, मला तुमच्याशी निवांत बोलायचंय, महत्त्वाचं आहे, इथे तुम्ही ऐकत नाही. तेवढ्यात तिच्या बँकेच्या हेड ऑफिसातून फोन आला. प्रमोशन झाल्यापासून रोज छळतात बिचारीला.

संकल्प: या सहलीत बायकोचं सगळं ऐकायचं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
पोचलो. टॅक्सीत ती म्हणाली, ऐका ना. म्हटलं, आधी नाटक, मग निवांत.

हेडफोनवालं नाटक. प्रत्येक प्रेक्षकाच्या कानात वेगळी गोष्ट. नट एकच, तो खुर्ची उचलतो आणि परत ठेवतो. माझ्या कानात एक बाई समुद्राविषयी तक्रार करत होती. मध्येच बायकोने माझा हेडफोन सरकवून काहीतरी म्हटलं. ‘पुढच्या महिन्यापासून’ एवढंच कळलं. दटावलं तिला. कलाकाराचा अपमान होतो.

बाहेर आल्यावर ती गप्प. नाटक आतपर्यंत पोचलं की माणूस गप्पच होतो. मग मी तिला खुर्चीचा अर्थ समजावून सांगितला. हॉटेलवर पोचेपर्यंत पुरला.

८ नोव्हेंबर, शनिवार
आज कळस. मूक डिनर. आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, जोडप्याने नुसतं एकमेकांच्या डोळ्यांत बघत जेवायचं. दारावरची पाटी वाचून बायकोने कपाळाला हात लावला. भारावली.

सूपनंतर ती कुजबुजली. वेटरने ओठांवर बोट ठेवलं. मीही ठेवलं, नियम म्हणजे नियम. तिने पेन काढलं, तर वेटर पेनच घेऊन गेला. मीठ हवं म्हणून मी जो मूकाभिनय केला तो शेजारच्या टेबलाला कळला, वेटरला नाही. त्याने बिल आणलं. शिकलेली माणसं कुठून आणणार म्हणा.

बाहेर पडताच बायको फोनवर कोणाशी तरी बोलली. मग म्हणाली, उद्या सकाळी एका फ्लॅटवर जायचंय, मी ठरवलंय. मी ओळखलं. हल्ली राहत्या घरांत नाटकं करतात, पुरवणीत होतंच. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

९ नोव्हेंबर, रविवार. दुपार
तिसरा मजला. प्रेक्षक आम्ही दोघंच. नट एकच, ब्रोकरच्या भूमिकेत. किल्ल्यांचा जुडगा, घामट शर्ट, फोनवर दुसऱ्या कोणाला तरी थापा. काय सहज काम. बायकोलाही त्याने नाटकात ओढलं. तिने नळ सोडून पाहिले, गॅलरीच्या दाराची कडी लावून पाहिली, इथून बँकेत चालत जाता येईल का विचारलं. तिला एवढं जमेल असं वाटलं नव्हतं. नळ खोकून बंद पडला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. ब्रोकरने तिला विचारलं, हे कोण? ती म्हणाली, आमचे मिस्टर.

मग त्याने विचारलं, राहणार किती जण? ती म्हणाली, मी एकटीच.

मी पुन्हा टाळ्या वाजवल्या. दोघंही माझ्याकडे बघत राहिले. बायकोने पर्समधून ॲडव्हान्स काढून त्याच्या हातात ठेवला. नोटा खऱ्या होत्या.

९ नोव्हेंबर. संध्याकाळ, परतीची बस
बदली. प्रमोशनबरोबरच आली होती. एक तारखेला हजर व्हायचंय. साडूला सगळं माहीत आहे, ब्रोकर त्याच्याच ओळखीचा.

विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाली, सांगायचं नव्हतंच नुसतं, विचारायचं होतं. तुम्ही पण येता का, म्हणून.

दोघांना पुरेल असा एक फ्लॅट तिने बघून ठेवला होता. त्याचा मालक शनिवारी रात्रीपर्यंत थांबायला तयार होता.

शनिवारी रात्री आम्ही जेवत होतो.