काचेच्या कपाटातली पोथी

बाबूजी, तुमचं अक्षर दोन महिने काचेच्या कपाटात होतं आणि लोक त्याच्यासमोर चपला काढत होते. तुम्हाला हे आवडलं नसतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी मी ते केलं. त्यात एका माणसाचं नुकसान झालं, म्हणून आज लिहायला बसले आहे.

पांढुर्णा जिल्हा झाला, नवी ऑफिसं उघडली, त्यातल्या एका महसुली कोर्टात मी रीडर आहे. कोणाची सुनावणी कधी ते पाहून पेशीच्या फाइली लावायच्या, साहेबांसमोर ठेवायच्या, कोण हजर, कोण गैरहजर ते लिहायचं. दारातून आत आलं की मोठा हॉल लागतो आणि तो ओलांडल्याशिवाय साहेबांच्या खोलीत जाता येत नाही. आमचे हेडक्लार्क, बडे बाबू, एकदा म्हणाले, इथे एखादा धर्मग्रंथ ठेवू, ऑफिसला बरकत येईल, लोकही जरा सबुरीनं वागतील. कोणाचा ठेवायचा, कोणाचा नाही, हा प्रश्न आमच्यात कोणी काढलाच नाही. माझ्या तोंडून आपसूक निघालं, आमच्या घरी हातानं लिहिलेली पोथी आहे. खरं सांगते, देवाचं मनात नव्हतं. आयुष्यभर तुम्ही लिहिलेले कागद लोकांनी घडी घालून खिशात टाकले, अक्षराकडे कोणी पाहिलं नाही. ते आता पाहावं, एवढंच मला वाटत होतं.

सौसरच्या आपल्या घरातल्या त्या सकाळी मला अजून झोपेत पाहिल्यासारख्या दिसतात. आई चुलीशी, तुम्ही खिडकीखाली पाटावर, मांडीवर लाकडी फळी. जुन्या पोथीची पानं हात लावला की तुटतात, म्हणून तुम्ही ती उतरवून घेताय. दिवसभर तहसिलीत दुसऱ्यांच्या कागदांच्या नकला करायच्या आणि घरी ही एक, तुमच्या हौसेची. फोडणीचा धूर उन्हाच्या तिरिपेत हळूहळू वर चढतो आहे, पेन कुरकुरतो आहे, मी संत्र्याच्या फोडींवरचे दोरे काढत बसले आहे, आणि कोणालाच कुठे जायचं नाही. एकदा आईनं भाजीच्या हातानं पान उलटलं आणि कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलं. दोन दिवस तुम्ही तिच्याशी बोलला नाहीत. बाबूजी, कपाटात नेमकं तेच पान उघडं होतं. लोक त्या बोटाला पूजेची हळद समजून काचेला कपाळ टेकवायचे. आईला कळलं असतं तर तोंडात पदर कोंबून हसली असती.

आणि तुमचं ते रागावणं. मी दहा-अकरा वर्षांची असेन. डबा द्यायला तहसिलीत आले आणि जत्रेत घेतलेली देवाची छोटी तसबीर तुमच्या टेबलावर मांडली. तुम्ही ती उचलून परत माझ्या पिशवीत घातलीत. माझे डोळे भरले, तसे खाली वाकून म्हणालात, "अवं, टेबलावर देव ठेवला का मानूस हात जोडूनच उभा राह्यते. त्यानं माह्यासंगं भांडाले पायजे. माह्यी नक्कल काहून नाही देऊन राह्यले, असं जोरात इचाराले पायजे. देव आपला घरी." मला ते फार कठोर वाटलं. बाकी सगळ्या बाबूंच्या टेबलावर देव, आमचेच बाबूजी तेवढे जगावेगळे!

पोथी आली आणि हॉल बदलला. लोक कुजबुजत बोलू लागले. दुपारी उन्हाचा पट्टा सरकत काचेवर यायचा, बाजाराकडून उडत आलेला कापसाचा एखादा तंतू त्यात तरंगत राहायचा, आणि फाइल हातात तशीच धरून मी बघत बसायची. वाटायचं, आता तुम्ही पान उलटाल. बडे बाबू म्हणायचे, "पाहा मॅडम, कसं शांत झालं. कोनी चिल्लावून नाही राह्यलं आता." मीही खूश होते.

मग रामाकोन्याच्या एका शेतकऱ्याची पेशी आली. शेजाऱ्यानं वाट अडवली होती, संत्र्याच्या बगिच्यात गाडी जात नव्हती, आणि त्याच्या म्हाताऱ्या बापानं रस्त्यासाठी प्रकरण लावलं होतं. चपराशानं हॉलमधूनच तीनदा पुकारा केला. कोणी आलं नाही. मी गैरहजर लिहिलं, साहेबांनी प्रकरण खारीज केलं. संध्याकाळी बाहेर पडले तर कडुनिंबाखाली पन्नाशीचा एक माणूस बसलेला, अनवाणी, गळ्यात पांढरा दुपट्टा.

"मॅडम, माह्यी पेशी झाली काय?"

"पुकारा झाला तेव्हा होता कुठे तुम्ही?"

"इथंच. तिनई खेप आयकला. जी, जी म्हनून ओरडलो बी. पन बाप जाऊन आठ दिवस झाले मॅडम, सुतक हाय. पोथीसमोरून कसा येऊ? वाटलं, कोनी बाहेर येऊन इचारन."

बापाच्या जागी आपलं नाव लावायला आला होता तो. घरात मरण झाल्यावरच माणसाला जे काम पडतं, त्याच कामाच्या वाटेत मी पोथी मांडून ठेवली होती. तो रागावलासुद्धा नाही. झाडावरचा संत्रा गळून राहिला, एवढं मात्र दोनदा म्हणाला. मला माझी इतकी लाज वाटली की त्याच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना लेखी दिलं. पक्षकार आवारात हजर होता, सुतकामुळे आत आला नाही, त्यानं दिलेली ओ मला ऐकू आली नाही, चूक माझी. साहेब खूप बोलले, पण प्रकरण पुन्हा लागलं. मी कपाट उघडलं तेव्हा बडे बाबू आडवे आले. "काहून काढून राह्यले? लोकाले समाधान होतं न." मी म्हटलं, समाधान हवं त्याला देऊळ आहे, त्या माणसाला रस्ता हवा होता. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मंग सुतकवाल्यायसाठी मागचं दार खोलू." मी पोथी कापडात बांधून घरी आणली.

आता ती माझ्यासमोर आहे आणि हे पत्रही तिच्यातच राहील, पाठवणार तरी कुठे? रस्त्याचा निकाल अजून लागायचा आहे. फक्त एक गोष्ट मी साहेबांना लिहून दिली नाही, त्या माणसालाही सांगितली नाही. त्याची ओ मला ऐकू आली होती, बाबूजी. बाहेर कोण ओरडतंय म्हणून मीच चपराशाला दार लावून घ्यायला सांगितलं होतं.