अकरा गाणी, याच क्रमाने

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय एकसष्ट, लिफ्ट-दुरुस्तीच्या कामातून निवृत्त, विधुर, तिसऱ्या मजल्यावरच्या डावीकडील घराचा मालक, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने करीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला गल्लीतल्या डॉक्टरांनी दिला आहे आणि तो सोबत जोडला आहे. कानांचा दाखला मात्र कोणी देणार नाही. उजवा कान गेल्या वर्षी गेला. डाव्या कानामागे नसेला चिकटून गाठ आहे आणि ती परवा, गुरुवारी, काढणार आहेत. सर्जन म्हणाले की गाठीबरोबर ऐकणे जाईल हे नक्की; माणूस राहील की जाईल हे टेबलावरच कळेल. आज मंगळवार आहे.

१. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. एकदा करायला बसलो होतो, तेव्हा बायको म्हणाली, "आधी मोरीचा नळ दुरुस्त कर, मग खुशाल मर." नळ दुरुस्त केला. कागद तसाच राहिला.

२. माझे राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मोरी, आतील सामानासह, माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावे. बँकेत जे काही उरेल तेही तिचेच. पहिल्या मसुद्यात मी एक अट घातली होती, की तिने कलम पाचमधील यादी एकदा पूर्ण ऐकल्याशिवाय घर तिच्या नावावर होऊ नये. वकीलबाई म्हणाल्या, "अट घालता येते. पण तिला काय वाटेल, याचा विचार केलात का?" दोन दिवस विचार केला. पोटच्या पोरीला घराची लालूच दाखवून गाणी ऐकवायची वेळ आली, इतका मी खाली आलो होतो. अट खोडली आहे. घर बिनशर्त तिचे आहे.

३. माझी हत्यारे, म्हणजे पान्यांचे दोन्ही संच, तारेची कात्री, लोखंडी पेटी आणि लांब स्क्रू-ड्रायव्हर, माझ्याबरोबर एकवीस वर्षे काम केलेल्या मित्राला द्यावीत. त्याला सगळे पक्कड म्हणतात, कारण त्याने धरलेला मुद्दा सुटत नाही. स्क्रू-ड्रायव्हर जपून वापरावा. त्याचे टोक मोटरच्या बेअरिंगवर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवली की आत काय बिघडले आहे ते ऐकू येते. माझी निम्मी नोकरी त्या मुठीवर झाली. गेल्या महिन्यात घरच्या पंख्यावर लावून पाहिला. काही आले नाही. पंखा चांगला आहे.

४. माझ्या मेहुण्याकडे माझी सहा पायऱ्यांची शिडी आहे. ती त्याने भिंत रंगवायला म्हणून नेली होती. ती त्याच्याकडेच राहू द्यावी, बाकी त्याला काही नाही. त्याच्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, अंत्यविधीला, वीस-पंचवीस माणसांसमोर, तो म्हणाला, "माझी बहीण मरत होती आणि हा माणूस गाणी ऐकत बसला होता." खोटे बोलला असता तर मी त्याला कधीच माफ केले असते.

५. माझा प्लेअर, दोन स्पीकर, तीनशे चार तबकड्या आणि त्यांतून निवडलेली अकरा गाण्यांची यादी यांच्याविषयी.

वकीलबाईंनी विचारले, "प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे नेमकं काय लिहू?" मी म्हणालो, "रॉकच, पण त्याला घरी जायची घाई नसते." त्यांनी ते लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. ही गाणी आठ, दहा, वीस मिनिटांची असतात. मध्येच ताल बदलतो, सात मात्रांचा होतो, पाच मात्रांचा होतो. गाणारा गप्प बसतो आणि बाकीचे दूरवर कुठेतरी जाऊन येतात. नवीन माणसाला हे एकदम दिले तर तो पळतो. हे मला फार उशिरा कळले.

लग्न झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी बायकोला समोर बसवून माझे सर्वात आवडते, तेवीस मिनिटांचे गाणे लावले. ती बिचारी हात मांडीवर ठेवून ऐकत होती. अकराव्या मिनिटाला तिने हळूच विचारले, "हे अजून तेच चालू आहे, की दुसरं लागलं?" मी रागावलो. ती हसली, मग मी जास्त रागावलो. त्यानंतर तिने मला हेडफोन आणून दिले. चांगले होते, कान पूर्ण झाकणारे. म्हणाली, "तू तुझ्या गावाला जा, मी माझी कामं करते." संसारभर तसेच चालले आणि वाईट चालले नाही.

पक्कडला मी गाडीत ऐकवत असे. तो एकदा वैतागून म्हणाला, "अरे, नवीन माणसाला थेट वरच्या मशीन-रूममध्ये कशाला नेतोस? आधी लिफ्टमध्ये बसव तरी." यादी करायची ती तशी, हे मला त्याने शिकवले.

म्हणून पहिले गाणे चार मिनिटांचे आहे आणि त्याची चाल गुणगुणता येते. दुसऱ्यात सात मात्रा आहेत, पण कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही, सांगू नये. तिसऱ्यात बासरी आहे. चौथ्यात कोणी गात नाही. चौथे संपेपर्यंत माणूस खुर्चीत असेल तर तो राहणार, असे धरून पाचवे नऊ मिनिटांचे घातले आहे. सहाव्याच्या जागी पूर्वी एक कर्कश गाणे होते. ते नवव्यावर गेले ते खालच्या मजल्यावरील शिंपीणबाईंमुळे. त्या एकदा जिन्यात म्हणाल्या, "काल ते लांबडं गाणं छान चाललं होतं हो. मग एकदम भांडण सुरू झालं. थोडं थांबून करायचं ना." त्यांना छतातून सगळे ऐकू जाते. माझ्या आयुष्यात शेवटपर्यंत ऐकणारी माणसे मोजायची तर त्या एकट्याच. दहावे सोळा मिनिटांचे आहे. अकरावे लहान आहे, घरी परतायचे.

गाण्यांची नावे परिशिष्टात आहेत. क्रम बदलू नये. मधले एखादे गाळू नये. ही विनंती आहे, पण हात जोडून केलेली आहे.

क्रम लावताना शेवटचे तीन महिने मी अंदाजाने काम केले आहे. झांजा आधी गेल्या. मग बासरी शेजारच्या घरातून आल्यासारखी यायला लागली, आता तीही नाही. तिसरे गाणे मी आठवणीतून ठेवले आहे. चुकले असेल तर मला कळणार नाही आणि गुरुवारनंतर काहीच कळणार नाही. मी रोज सकाळी उठलो की आधी टाळी वाजवून पाहतो. मग दिवसभर यादी लावतो, खोडतो, पुन्हा लावतो. जेवायचे राहते. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या. विश्रांतीला गुरुवारनंतर सगळा वेळ आहे.

हे सर्व सामान आणि यादी मुलीला मिळावी. तिला नको असेल तर पक्कडला. त्यालाही नको असेल तर कुठल्याही वाचनालयाला द्यावी आणि सांगावे की एक म्हातारा कळकळीने देऊन गेला.

६. वर म्हटलेले तेवीस मिनिटांचे गाणे यादीत नाही. कारण लिहिणे भाग आहे.

तीन वर्षांपूर्वी, एका रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, मी बाहेरच्या खोलीत खुर्चीत, मोरीकडे पाठ करून, हेडफोन लावून ते गाणे ऐकत होतो. बायको मोरीत कपडे धूत होती. ती पाय घसरून पडली आणि डोके नळाखालच्या कट्ट्यावर आपटले. तिने मला हाक मारली की नाही, मला माहीत नाही. तिने तांब्या फरशीवर ठोकला, पाच-सहा वेळा, हे माहीत आहे, कारण तो आवाज खाली शिंपीणबाईंनी ऐकला. त्यांना वाटले, मी काहीतरी दुरुस्त करतोय. तेव्हापासून त्या वरचा प्रत्येक आवाज कान देऊन ऐकतात. आमच्यात त्यावर कधी बोलणे झालेले नाही.

गाणे संपले तरी मी लगेच उठलो नाही. ते गाणे संपल्यावर मी डोळे मिटून थोडा वेळ बसतो. त्या दिवशीही बसलो. मग चहा मागायला आत गेलो.

हॉस्पिटलमध्ये सांगितले की लगेच आणले असते तरी काही खात्रीने बोलता आले नसते. हे वाक्य मी तीन वर्षे उलटसुलट करून पाहिले आहे. त्यात दोन्ही अर्थ आहेत.

मुलगी रक्त-तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. ती तिथून तशीच पांढऱ्या कोटात आली. तिने मला एकच विचारले, "गाणं संपेपर्यंत?" मी हो म्हणालो. त्या दिवसापर्यंत ती मला 'अरे बाबा' म्हणायची. त्यानंतर 'तुम्ही' म्हणायला लागली. आजारपण कळवले तेव्हा तिने रिपोर्ट मागवून घेतले, नीट वाचले, सर्जन कोण ते सुचवले. घरी आली नाही.

हेडफोन मी फेकले नाहीत. माळ्यावर आहेत. ते कोणाला देऊ नयेत.

यादी तिच्यासाठीच केली आहे. नवख्यांसाठी वगैरे मी लोकांना सांगतो, ते खरे आहे, पण नवखी तीच आहे. मला माफी नको. मी कुठे गेलो होतो, हे तिने एकदा पाहावे. तिथून हाक का ऐकू येत नाही, ते तिला कळावे. मला दुसरे काही सुचत नाही. मी सगळे करून पाहिले. पत्रे लिहिली, फोन केले, तिच्या प्रयोगशाळेच्या दारात एकदा दीड तास उभा राहिलो. हे शेवटचे आहे.

७. हे कलम हाताने लिहिले आहे. आज दुपारी जे झाले ते कागदावर असावे, म्हणून वकीलबाईंना थांबवून लिहीत आहे.

सहीच्या वेळी साक्षीदार लागतात, असे मी मुलीला कळवले होते. ती येईल असे वाटले नव्हते. ती तीन वाजता आली. चपला दारात काढल्या, मोरीकडे पाहिले नाही, आणि वकीलबाईंना म्हणाली, "कुठे सही करू?"

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्ही मुलगी ना? तुम्हाला साक्षीदार होता येत नाही. म्हणजे होता येईल, पण मग यात तुम्हाला जे दिलंय ते तुम्हाला मिळणार नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "कामावर एकाला विचारलं. म्हणूनच आले."

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "आधी वाचू दे तिला."

ती उभ्यानेच वाचायला लागली. कलम पाचला खुर्ची ओढून बसली. सहा वाचून झाल्यावर तिने पान उलटले, मागे काही आहे का ते पाहिले, आणि म्हणाली, "ते गाणं कुठाय?"

"नाही घातलं."

"का?"

"तुला ते कसं ऐकवू?"

"मला तेच ऐकायचंय. बाकीची अकरा नकोत." तिचा आवाज चढला नाही. तिने माझ्या डाव्या कानाजवळ येऊन, सावकाश, पुन्हा सांगितले. "आई पडली तेव्हा जे चालू होतं, ते लावा. पूर्ण."

तीन वर्षांत मी ते लावले नव्हते. तबकडी पाकिटातून अर्धी काढून मी तसाच उभा राहिलो, तेव्हा डॉक्टरांनी, ते साक्षीदार म्हणून आले होते, ती माझ्या हातातून घेऊन प्लेअरमध्ये ठेवली. आम्ही चौघे बसलो. मला ढोल आणि खालचे स्वर तेवढे येत होते, बाकीचे मी आतून भरत होतो. मग काहीच येईना. मला वाटले, कान गेला. गुरुवारच्या आधीच गेला. मी उठलो तर तिने मनगट धरले.

"बंद पडलं का?" मी विचारले.

"नाही. चालू आहे. एकच तार वाजतेय, अगदी बारीक." थोड्या वेळाने म्हणाली, "अजून वाजतेय."

तेव्हा मला जागा कळली. अकराव्या मिनिटापासून पुढे दोन मिनिटे ते गाणे जवळजवळ शांत असते. त्या दोन मिनिटांची मला सर्वात जास्त भीती होती. तिथे हाक आली असती तर हेडफोनमधूनही आली असती.

तिलाही ते कळले असावे. ती म्हणाली, "इथे आईने हाक मारली असती तर ऐकू आली असती."

"आली असती."

"मग इथे नाही मारली."

पुढची दहा मिनिटे तिने मनगट सोडले नाही. गाणे संपल्यावर मी डोळे मिटले नाहीत. तिच्याकडे पाहत राहिलो. तिने डोळे मिटले होते.

वकीलबाईंनी घड्याळ पाहिले. डॉक्टरांनी खिशातले पेन काढून पुढे सरकवले. मुलीने ते घेतले, टोपण लावले आणि टेबलावर ठेवले.

"खालच्या शिंपीणबाईंना बोलवा," ती म्हणाली. "दुसरी सही त्या करतील."

वर लिहिलेले सर्व मी वाचून पाहिले आहे आणि ते माझेच आहे. यादीत आता बारा गाणी धरावीत. बारावे कुठे घालायचे हे माझ्या मुलीने ठरवावे.

मृत्युपत्र करणारा: सही
साक्षीदार एक, गल्लीतले डॉक्टर: सही
साक्षीदार दोन, खालच्या मजल्यावरील शिंपीणबाई: सही (दोनदा केली आहे, पहिली खोडून)

ठिकाण: माझे राहते घर, बाहेरची खोली
दिनांक: मंगळवार, चोवीस तारीख, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटे