मऊ हात

९ जानेवारी १९४३, सेगेद. सकाळी ७.२०. प्रयोगशाळेत बर्फावर ठेवलेल्या खलात सशाचं मांस वाटत होतो. आमच्या संशोधक शारोल्ताबाईंनी त्याच्या रसातून काढलेला धागा भिंगाखाली दाखवला. केसाहून बारीक. म्हणाल्या, "बालिंत, आता बघ." उकडलेल्या मांसाच्या अर्काचा थेंब टाकला. धागा आकसला!
ससा काल मेला होता.

१४ जानेवारी. पहाटे दोनला बाबा गेले. मी रात्रपाळीला. अकराला घरी पोचलो. आत्मा बाहेर जावा म्हणून खिडकी सताड उघडी. खोलीत बर्फासारखी थंडी. सदरा चढवताना बाबांचा हात उचलला – घसरून खाली आला. झोपलेल्या माणसाचा पडतो तसा. नऊ तास झाले होते.
शेजारची बोरिश मावशी बाबांची दाढी करता करता थांबली. "अजून मऊच आहे. मुडदा ताठला नाही की घरातल्या कुणाला तरी बरोबर नेतो."
आई आंतालदादाच्या फोटोकडे बघत राहिली. दादा रशियात डॉन नदीच्या आघाडीवर लढतोय. नाताळपासून पत्र नाही.

१६ जानेवारी. मूठमाती दिली. बाईंना विचारलं. स्नायूच्या धाग्यात दोन प्रथिनं – मायोसिन आणि ॲक्टिन. अर्कात जे असतं ते जिवंतपणी त्यांना आकसवतं आणि पुन्हा एकमेकांपासून सुटूही देतं. मेल्यावर ते संपतं, मग दोन्ही एकमेकांना घट्ट धरून बसतात. मुडदा ताठतो तो असा. "थंडीत ते सावकाश संपतं," म्हणाल्या. "खोली थंड होती ना?"
होती.

१७ जानेवारी. खात्री हवी म्हणून प्रयोगशाळेत दोन ससे मारून ठेवले. शेगडीजवळचा तीन तासांत लाकूड. पडवीतला नऊ तासांनीही मऊ.
आईला सगळं नीट सांगितलं – थंडीमुळे, दुसरं काही नाही. ती ऐकत होती. सूप संपवलं.

२३ जानेवारी. पत्र नाही.

३० जानेवारी. सरपणवाला दारात. म्हणाला, तेरा तारखेला संध्याकाळी आई दोन पोती बाभळीची लाकडं उधार घेऊन गेली. मी म्हटलं, चूक होतेय, आमची शेगडी डिसेंबरपासून थंड आहे.
आई आतून आली. "तुझे बाबा थंडीनं काकडत होते रे. सकाळपर्यंत शेगडी विझू दिली नाही मी. खिडकी तर तू यायच्या जरा आधी बोरिशनं उघडली."
शेगडीजवळचा ससा तीन तासांत ताठला होता.
सरपण ६ पेंगो. दिले ४. बाकी २.