माझ्या लिंकवरून घ्या

२ जून २०२५, सोमवार. सकाळ.

आजपासून मी स्वतंत्र.

पंधरा वर्षं कॉलेजच्या ऑफिसात हेड क्लार्कच्या खुर्चीत काढली. डावीकडे कपाट, उजवीकडे भिंत, समोर फी भरायला आलेली पोरं. उठायचं तर आधी कपाटाचं दार लावावं लागे. आता अफिलिएट मार्केटिंग. काम सोपं. वस्तूबद्दल चार चांगले शब्द लिहायचे, खाली लिंक द्यायची. कुणी त्या लिंकवरून वस्तू घेतली की कंपनी आपल्याला कमिशन देते. झोपेतसुद्धा मिळकत चालू. ज्या व्हिडिओवरून शिकलो त्यातला माणूस समुद्रकिनारी आडवा पडून हे सांगत होता. तंजावुरात समुद्र नाही, पण नागपट्टिणम काही फार लांब नाही.

करस्पॉन्डंट सरांनी, म्हणजे कॉलेज चालवणाऱ्या मालकांनी, बिनपगारी रजा दिली. कॉलेज त्यांच्या आजोबांचं, शब्द त्यांचा. म्हणाले, विजयादशमीपर्यंत तुमची खुर्ची रिकामी ठेवतो, पुढे नाही. माझा ज्युनियर विघ्नेश निरोप देताना रडवेला झाला होता. त्याला म्हटलं, तुलाही एक दिवस शिकवीन.

माझी बायको विनुता, तिची अट तीच. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्टीचं उत्तर शेवटी लागतं. विजयादशमीपर्यंत ती एक अक्षर बोलणार नाही. तोवर जमलं नाही तर मी मुकाट्याने परत जायचं. लगेच हो म्हटलं. जमणारच आहे, मग अट मान्य करायला आपलं काय जातं?

ही रोजनिशी देवनागरीत. घरात सगळे मराठी बोलतो, पण देवनागरी वाचणारा मी एकटा. विनुता आणि मुलगी शांभवी मराठीसुद्धा तमिळ अक्षरांत लिहितात. पासवर्डची गरज नाही.

३ जून.

पहाटे पाचला उठायचा संकल्प. साडेसातला उठलो. रिसर्चने डोळे दमले होते. उद्यापासून.

१९ जून.

अखेर निश सापडली, म्हणजे बाजारातला रिकामा कोपरा. इंग्रजीत गर्दी, तमिळमध्ये गर्दी. पण तंजावुरी मराठीत मिक्सर-कुकरचे रिव्ह्यू लिहिणारा अख्ख्या जगात एकही नाही. कॉम्पिटिशन शून्य. विनुताला उत्साहाने सांगितलं. तिने विचारलं, वाचणारे किती? (अट मोडली. सोडून दिलं.) काही माणसांना आधी खोटच दिसते.

३ जुलै.

पहिला रिव्ह्यू टाकला. वेट ग्राइंडरवर. आजोबा ज्या मराठीत पूजा सांगायचे, थेट त्या मराठीत. दुपारपर्यंत पहिली कॉमेंट. नागपूरहून. हे मशीनने भाषांतर केलंय का, असं विचारतात. म्हणजे माणसाच्या हातून इतकं अचूक होईल यावर त्यांचा विश्वास बसेना. स्क्रीनशॉट ठेवला.

२२ जुलै.

क्लिक वाढताहेत. शांभवी खांद्यावरून डोकावून तमिळमध्ये म्हणाली की अप्पा, ते सगळे तुम्हीच आहात. मुलीला मराठी येतं सगळं, पण तोंडात आधी तमिळच येतं. तिला समजावलं की दुकान उघडल्यावर मालकच आधी पायरी चढतो.

३० जुलै.

आज पैसे देऊन ऑनलाइन जाहिरात लावली. टार्गेटिंग अगदी शास्त्रशुद्ध: मराठी, स्वयंपाकाची आवड, वय पस्तीसच्या पुढे. दिवसभराचं बजेट सकाळची कॉफी निवायच्या आत संपलं. प्रतिसाद मात्र जिव्हाळ्याचा. भीमसेन काकांनी जाहिरातीखाली नमस्काराचे हात टाकले. काका मागच्याच गल्लीत राहतात. कंपनीने त्या हातांचे पैसे माझ्याकडून घेतले.

५ ऑगस्ट.

नवी स्ट्रॅटेजी. जगाचा नाद सोडला. घरचा ग्रुप आहे की. राजवाड्याच्या आसपासची सगळी आपली माणसं व्हॉट्सअॅपवर एका ठिकाणी. 'माझ्या लिंकवरून घ्या' एवढाच मेसेज टाकला.

सगळ्यांची एकच तक्रार. आमच्या गल्ल्यांत पार्सल पोचत नाही. दर घराला एक जुना नंबर, एक नवा नंबर. कुरिअरवाला जुन्या बावीसवर नवा बावीस शोधतो आणि पार्सल परत नेतो.

तेव्हा सुचलं. आमचं घर गल्लीच्या तोंडाशी, पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळाला लागून. आंधळ्यालाही सापडेल. सगळ्यांनी ऑर्डर आपापली करायची, पत्ता माझा द्यायचा, फोन नंबरही माझा. ओटीपी माझ्याकडे येईल, मी पार्सल उतरवून घेईन. इतका साधा विचार एवढाल्या कंपन्यांना सुचला नाही, याचं नवल वाटतं.

९ ऑगस्ट.

ऑर्डर! भीमसेन काकांनी फ्लास्क. राजम आत्याने टेबलफॅन. आत्या खाली डेल्टात कालव्याकाठच्या गावी एकटी राहते, बसने येऊन फॅन घेऊन जाईल. डॅशबोर्डवर कमिशनसमोर 'पेंडिंग' असा शब्द आलाय. सुंदर शब्द. अजून न मिळालेलं, पण आपलंच.

२४ ऑगस्ट, रविवार.

केस कापायला बसलो होतो. हरिप्रसादचा फोन. हा आमच्या भागातला डिलिव्हरीवाला, दोन मुलांचा बाप, सदा घाईत. ओटीपी लागत होता, फोनवर सांगितला तर ऐकू जाईना, मागे देवळाचा स्पीकर. गळ्यातल्या कापडासकट धावत घरी आलो. परत गेलो तोवर खुर्चीत दुसरा बसला होता. डावी बाजू झाली आहे. उजवी संध्याकाळी.

२५ ऑगस्ट.

उजवी राहिली. तीन पार्सलं आली.

४ सप्टेंबर.

हरिप्रसाद आता गल्लीतली सगळीच पार्सलं माझ्याकडे टाकतो, लिंकवरची, बिनलिंकवरची. मी हटकलं तर म्हणाला, सार, तुम्ही म्हणजे हब. शब्द चांगला आहे. व्हिजिटिंग कार्डावर घालावा.

मेव्हणी सुप्रभाची कुंभकोणमला वास्तुशांत होती. विनुता आणि शांभवी दोघी गेल्या. मी कसा जाणार? कुणाचा तरी कुकर येणार होता. दहीभात खाल्ला. हॉलमध्ये भिंतीला खोके, दाराला खोके, मध्ये माझी चटई. खोक्यांना तरी बाहेर पडायचा दिवस ठरलेला असतो.

कुकर आला नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार.

नवरात्र बसलं. विनुताला कोलूच्या, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांच्या, पायऱ्या मांडायला जागाच नव्हती, आणि फळ्यांची पेटी खोक्यांच्या मागे गाडली गेलेली. मी तोडगा काढला. तीन मोठे खोके उतरते लावले, वर माझं धुतलेलं धोतर, वेष्टी, अंथरलं. कुणाला कळणारसुद्धा नाही. तिसऱ्या पायरीवर दशावतार बसले. ती पायरी म्हणजे भीमसेन काकांचा एअर फ्रायर.

सायंकाळी काका फ्रायर न्यायला आले. कोलू एकदा मांडला की विजयादशमीपर्यंत हलवत नाहीत. काकांनी तिसऱ्या पायरीला नमस्कार केला, प्रसादाची हरभऱ्याची सुंडल खाल्ली आणि रिकाम्या हाताने गेले. कस्टमर असावा तर असा.

२८ सप्टेंबर.

विनुताला डॅशबोर्ड दाखवला. पेंडिंगचा आकडा चांगलाच फुगलाय. तिने पाहिला.  मग जाऊन माझा ऑफिसचा पांढरा शर्ट कपाटातून काढून भिजत घातला. सण आहे, कपडे धुतातच.

१ ऑक्टोबर, बुधवार. सरस्वतीपूजा.

पोटापाण्याची साधनं आज देवीपुढे. लॅपटॉप, फोन, चार्जर, सगळ्यांना गंध लावलं. शांभवीची पुस्तकं, विनुताचा कंपास. उद्या पूजा उतरेपर्यंत कशाला हात लावायचा नाही. काही लोक हल्ली पूजेत जुना फोन ठेवतात आणि नवा खिशात. मी तसला नाही.

कित्येक दिवसांनी दुपारी झोपलो. त्याआधी सकाळी, पूजा मांडल्या मांडल्या, देवीपुढे फोन एकदा थरथरला, कुंकवाची डबी कलंडली. शुभ चिन्ह.

२ ऑक्टोबर, गुरुवार. विजयादशमी.

पूजा उतरवली. मेल कंपनीचा. कालचा, सकाळचा.

म्हणतात, तुमच्या लिंकवरची जवळपास प्रत्येक ऑर्डर एकाच पत्त्यावर, एकाच फोन नंबरवर गेली आहे. स्वतःच्या लिंकवरून स्वतःच खरेदी करणं नियमात बसत नाही. चोवीस तासांत खुलासा करा. ते चोवीस तास लॅपटॉपला गंध लागलेलं होतं. खाली दुसरा मेल, थोड्या वेळापूर्वीचा. खातं बंद. पेंडिंग रद्द.

ताबडतोब अपील लिहिलं. पिळ्ळैयारच्या देवळापासून सुरुवात केली, जुने नंबर, नवे नंबर, सरस्वतीपूजेचं महत्त्व, सगळं. मिनिटाच्या आत उत्तर आलं की आपल्या स्वारस्याबद्दल आभार. एवढ्या तातडीने उत्तर देतात म्हणजे प्रकरण गंभीरपणे घेतलेलं दिसतं.

अटीची मुदत संपली होती. विनुता बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी करस्पॉन्डंट सरांशी बोललें अहे. उद्या साडेदहाच्या आंत जाऊन सही करा. साडेदहाला राहुकाळ लागतो, मग ते कुणाला बसवून घेणार नाहींत. तेवढ्यापर्यंत थांबतो म्हणाले."

शर्टाला इस्त्री झालेली आहे.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. ८.४०.

तयार. शर्ट पोटावर थोडा घट्ट. जातो, सही करतो, अपील मंजूर झालं की राजीनामा. तात्पुरतं पाऊल.

९.१५.

राजम आत्या पहिल्या बसने आली. गुडघ्याला बांधायचा गरम पट्टा आज येणार आहे. तो तिने माझ्या लिंकवरूनच मागवलाय, खातं बंद व्हायच्या आधी. मोठ्या कष्टाने पायरी चढली. हरिप्रसादला फोन केला, म्हणाला पाच मिनिटं सार.

९.४०.

अजून पाच मिनिटं. विनुताचा शाळेतून फोन. निघा, ओटीपी तिथून फोनवर सांगा. म्हटलं, अपील चालू असताना एक डिलिव्हरी चुकली तर रेकॉर्ड खराब होईल. तिकडे वर्गाची घंटा झाली आणि तिने फोन ठेवला. 

१०.०५.

आत्या म्हणते, "तूं जा रे कण्णा. माझा गुडघा कोठं पळून जातो अहे?"

चपला घातल्या. दारापर्यंत गेलो. खरं लिहायचं तर पाय पुढे पडेना. ओटीपी कुठूनही सांगता आला असता. पण तिथे विघ्नेश विचारणार, सर, काय झालं? आणि मी कपाटाचं दार उघडून, बसून, परत लावून घेणार. भीती वाटली मला. पुन्हा येऊन आत्याशेजारी बसलो. ती पाय चोळत होती.

१०.३५.

पार्सल आलं. ओटीपी दिला. राहुकाळ लागला. राहुकाळात नोकरीवर रुजू होणं करस्पॉन्डंट सरांनाच चालणार नाही. बारापर्यंत थांबणं भाग आहे. माझा नाइलाज.

सायंकाळ.

बारा वाजून गेल्यावर पोचलो. सर गेले होते. खुर्चीत विघ्नेश. त्याला दहा अठ्ठावीसला, राहुकाळ लागायच्या आत, बसवलं. मला पाहून गडबडीने उठायला गेला, बसा सर म्हणायला लागला. पण त्याला आधी कपाटाचं दार लावावं लागलं, आणि तोवर मीच म्हटलं, बस रे.

घरी आलो.  मुदत संपली आहे, आता विनुता बोलू शकते. बोलली नाही.

६ ऑक्टोबर.

भीमसेन काका एअर फ्रायर घेऊन गेले. चालू होत नाही. परत करायची मुदत दशावतारांच्या खाली संपली. ग्रुपवर नुसते नमस्काराचे हात.

१८ ऑक्टोबर, शनिवार.

दोन दिवसांवर दीपावळी. गल्लीतली अर्धी पार्सलं अजून इथेच येतात, बिनलिंकची. सवय लागली आहे लोकांना. मला बाहेर पडता येत नाही.

दुपारी हरिप्रसादने हाक मारली. आज पार्सल तुमच्याच नावाचं, सार. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. सुरेंद्र राव, स्पष्ट अक्षरांत. लगेच वाटलं, अपील. कंपन्या अशा वेळी भेटवस्तू पाठवतात, ऐकलंय. ओटीपी दोनदा सांगितला. हरिप्रसादने अभिनंदन केलं.

आत माझी नावाची पाटी. कॉफीचा स्टीलचा तंबलर. छत्री. खुर्चीतली उशी. विघ्नेशने कपाट रिकामं केलंय. तंबलरभोवती वर्तमानपत्र गुंडाळलं होतं, पोचा पडू नये म्हणून.

विनुताने विचारलं, कुणाचं? म्हटलं, माझं. तिने उशी उचलली आणि उन्हात टाकली.

पॅकिंग उत्तम. डिलिव्हरी वेळेत. सगळ्या वस्तू वर्णनाप्रमाणे.

खोक्यावर रिटर्नचा पर्याय शोधला. नव्हता.