उजवीकडची डिस्क डावीकडे

शनिवार, ६ जुलै

गाडी लोखंडी स्टँडवर चढली! पुढची दोन्ही चाकं गवतावर आडवी. एकावर शेजारचा केल्विन बसलाय, दुसऱ्यावर बिअरच्या बाटल्या. काम चालू आहे म्हणे.

गॅरेजात पाठवू या, असं मी एकदाच म्हणाले. माझ्या नवऱ्याने, गार्थने, असं बघितलं जसं काही मी त्याची पँट उतरवायला सांगितली. "गॅरेज? आपल्या घरातली गाडी?" या गल्लीत ब्रेक बदलायला गाडी गॅरेजात नेणं म्हणजे नाक कापून घेणं. समोरच्या बिचाऱ्या शेजाऱ्याने तीन वर्षांपूर्वी नेली होती, अजून त्याला कुणी धड हाक मारत नाही.

माझं वेळापत्रक साधं आहे. सोमवारी, १५ तारखेला पहाटे मूलूलाबा बंदरातून कोळंबीची बोट सुटते आणि तिच्यावर स्वयंपाकीण मी! एक मोसम. अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा मी कुठेतरी एकटी जाणार. कप्तान डॉरिन फोनवर म्हणाली, "बाई, बोट कुणासाठी थांबत नाही." आणि तिथे गाडीने पोचायला आमच्या टूवूम्बाचा घाट उतरायचा तर ब्रेक हवेत. जुन्या डिस्क इतक्या झिजल्यात की ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं.

रविवार, ७ जुलै

एक स्क्रू निघेना. एक! दोन पुरुष, अख्खा दिवस, आठ सॉसेज.

मंगळवार, ९ जुलै

नव्या डिस्क आल्या. आतून पोकळ आहेत, दोन पत्र्यांच्या मधे वाकड्या पट्ट्या. त्यातून वारा फिरतो आणि उतारावर डिस्क तापत नाही. हे मला गार्थने सांगितलं, मग केल्विनने सांगितलं, मग पुन्हा गार्थने. जणू मी चाकाचा शोध लागायच्या आधीच्या काळातली आहे.

फोनवर व्हिडिओ लावलाय. कुणी अमेरिकेतला दाढीवाला आहे. तो थांबला की हे थांबतात, तो पाना उचलतो की हे उचलतात. पोस्टात पस्तीस वर्षं शिक्के मारलेला माझा नवरा आता "कॅलिपर" हा शब्द असा उच्चारतो, जसं डॉक्टरने हृदयाचं नाव घ्यावं. कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणारी पकड. ती तारेने वर टांगून ठेवायची, नळीवर लोंबू द्यायची नाही. हे व्हिडिओत नव्हतं. मी सांगितलं. तीस वर्षं याच्या हातात पाने देतेय, डोळे मिटून नाही देत!

बुधवार, १० जुलै

आज डिस्क बसल्या, पण चाकं नाही बसली. "घाई नको," म्हणे. घाई!

जेवताना सरळ विचारलं, "तुला मी जायला नकोय का?"

टीव्हीकडे बघत म्हणाला, "जा की. मी कुठे धरून ठेवलंय?"

धरून नाही ठेवलं, स्टँडवर चढवून ठेवलंय.

गुरुवार, ११ जुलै

आज हसून हसून पोट दुखलं. मग रागाने दुखलं.

ब्रेकचं तेल आणायला पार्टच्या दुकानात गेले. काउंटरवरची मुलगी सहज म्हणाली, "ताई, त्या वाकड्या पट्ट्यांच्या डिस्कना डावं-उजवं असतं हं. खोक्यावर लिहिलंय बघा." घरी आले, कचऱ्याच्या डब्यातून खोकी काढली. उजवीचं खोकं, डावीचं खोकं, स्पष्ट. "गार्थ, कोणत्या खोक्यातली कुठे लावलीस?"

तो छाती फुगवून म्हणाला, "व्हिडिओत सांगितलंय तशी. डावीच्या खोक्यातली ड्रायव्हरच्या बाजूला."

अमेरिकेत! तिथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, राजा! आपण उजवीकडे बसतो! जन्मभर बसलोय!

केल्विनने लगेच माझ्याकडे वळून त्याची वकिली केली. "पण जॉस, पट्ट्यांचं तोंड पुढे पाहिजे ना? बादलीसारखी हवा भरून घ्यायला." बादली म्हणे. गार्थ मानेपर्यंत लाल झाला. म्हणाला, "हवा ती हवा. कुठूनही जाते." मी म्हटलं, मग अर्ध्या घाटात तापून धूर काढतील तेव्हा हेच सांग त्यांना. त्यावर हा काय म्हणाला? "मग घाट उतरायचाच कशाला?"

झालं. कळलं मला सगळं. चूक नाहीच ही. अडाणीपणाच्या आड लपलेला हट्ट आहे. बोट सुटावी, मी इथेच राहावं, आणि यांचा दोष कुणाला दिसू नये! इतकी वर्षं संसार केला, आणि हा माणूस मला चार नट-बोल्टांनी अडवतोय. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.

शुक्रवार, १२ जुलै

गार्थ बोलत नाही. मीही नाही. दिवसभर मैत्रिणीकडे, बेरिलकडे होते, तिने माझ्या सुऱ्यांना धार लावून दिली. परत आले तर गार्थच्या नखांत काळं. केल्विनच्या गवत कापायच्या यंत्रात हात घातला असणार. माझ्या गाडीला मात्र वेळ नाही! चाकं तेवढी बसवलीत, उपकारच.

शनिवार, १३ जुलै

दोघे फुटबॉल बघायला गेले. फाटकाचा आवाज झाला तसा मी जॅक बाहेर काढला.

केलं! मी केलं! चाकं काढली, कॅलिपर तारेने टांगले, डावीकडची डिस्क उजवीकडे, उजवीकडची डावीकडे. विचार कसला करायचा? उलट्या आहेत, म्हणजे सुलट्या करायच्या, एवढंच. एक बोट चेमटलं, गुडघे सोलले, शिव्या अशा दिल्या की चर्चमधल्या बायकांनी वाळीत टाकलं असतं. पण नट एकही उरला नाही. ब्रेक दाबून दाबून घट्ट केला. अंगणातून रस्त्यापर्यंत चालवून बघितली. उत्तम!

गार्थ आला. गाडीकडे बघितलं, माझ्या बोटावरच्या पट्टीकडे बघितलं. "काय झालं?"

"कांदा."

मी हसू दाबलं. सांगणार होते, पण नाही सांगितलं. फोन करीन समुद्रावरून! ब्रेक लागतात की नाही विचारेल, तेव्हा सांगीन. तोवर शिजू दे.

रविवार, १४ जुलै

विथकॉट, घाटाच्या पायथ्याशी, पेट्रोल पंपावर गाडीत बसून लिहितेय. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर. पायाखालचा ब्रेक खोल गेला होता. पुढे गुरांचा ट्रक रांगत होता म्हणून अख्खा उतार ब्रेकवर आले, पण नवीन डिस्क इतक्या तापतात का?

गार्थला फोन केला. म्हटलं, तुझ्या डिस्क जळतायत.

तो म्हणाला, "असं कसं होईल? शुक्रवारी तू बेरिलकडे गेलीस तेव्हाच मी त्या काढून बरोबर लावल्या. तुला सांगितलं असतं तर तू वर्षभर टोमणे मारले असतेस."

मग मी कालचं सांगितलं. कांद्याचंही.

तो म्हणाला, "गाडी हलवू नकोस. थंड होऊ दे. केल्विनची गाडी घेऊन येतोय, पाने घेऊन. तासाभरात परत बरोबर करू. बोट चुकणार नाही तुझी."