चार रिकाम्या जागा

५ सप्टेंबर १९९४
साऱ्या व्हिएतनामसारखं नामदिन्हच्या आमच्या शाळेतही यंदा रशियनला एकही मूल नाही! हेडमास्तर म्हणाले, "बाई, नोव्हेंबरात इंग्रजीची परीक्षा द्या. पन्नास गुण पडले तर वर्ग, नाहीतर वाचनालय."
वीस वर्षं फळ्यापुढे उभी आहे. कपाटांची धूळ झटकत बसायचं नाही मला.

८ सप्टेंबर
आम्हाला शिकवायला कोण यावं — ख्वे! माझीच विद्यार्थिनी. पंधरा वर्षांची असताना कॉपी करताना सापडली, मी भोपळा दिला होता. आज ती आत आली तसे आम्ही रशियनवाले सगळे उठून उभे. ती बसेना. "बाई, आधी तुम्ही." मी म्हटलं, आधी शिकवणाऱ्यानं. शेवटी आमच्यातले लुक सर कळवळले, "बसा हो कोणीतरी, माझे गुडघे गेले!"
फळ्यावरचं तिचं अक्षर माझंच — तिरपं, शेपटीला गाठ. मीच गिरवून घेतलेलं.

३ ऑक्टोबर
काळ ओळखा, क्रियापदाचं योग्य रूप भरा. रोज तीस वाक्यं. लुक सर म्हणतात, "रशियनच्या तीन काळांत अख्खी क्रांती उरकली. या इंग्रजांना चहा प्यायला बारा लागतात!"
आपल्या व्हिएतनामी भाषेत क्रियापद जन्मभर बदलत नाही. काल, उद्या — काहीही असो.

२५ ऑक्टोबर
तीसपैकी बावीस चुका.

१२ नोव्हेंबर
परीक्षा झाली. पेपर ख्वेच तपासणार. शेवटच्या चार जागा रिकाम्या सोडल्या. येत नसेल तर ठोकून द्यायचं नाही, हे मुलांना इतकी वर्षं सांगत आले.

१८ नोव्हेंबर
बावन्न! पास! लुक सरांनी सगळ्यांना चिकट भात खाऊ घातला. मग पेपर उलटला. त्या चार जागा भरलेल्या. जांभळी शाई, तिरपं अक्षर, शेपटीला गाठ. चारही बरोबर, प्रत्येकी दोन गुण.

१९ नोव्हेंबर
त्या चारांची उत्तरं मला आजही येत नाहीत.

२० नोव्हेंबर
आपला व्हिएतनामी शिक्षक दिन. दर वर्षीसारखी ख्वे लाल ग्लॅडिओलसची फुलं घेऊन आली. मी चहा ओतला आणि पेपर समोर ठेवला. ती कपाकडे बघत म्हणाली,
"बाई, तुमच्याशिवाय तो वर्ग... मला बघवलं नसतं."
"पुन्हा भोपळा देऊ?"
"द्या. तेव्हा घरी जाऊन तुम्हाला खूप शिव्या दिल्या होत्या."
मला हसू आलं. ही मुलगी मला फार आवडते. कधी सांगितलं नाही, आजही नाही. ही गोष्ट फुटली तर तिची नोकरी जाईल, माझी नाही.

२१ नोव्हेंबर
सकाळी पेपरावर दौत उपडी केली — नेमकी त्या चार ओळींवर. मग हेडमास्तरांकडे नेला. "साहेब, बेरीज चुकलेली दिसते. डागाखालच्या चार जागा मी रिकाम्याच सोडल्या होत्या." त्यांनी दोनदा केली. चव्वेचाळीस.
वाचनालयाची चावी सही करून घेतली. बोटं अजून जांभळी आहेत.